नातवंडे समुद्राच्या अभ्यासाला निघतात तेव्हा

हिवाळा सुरू झाला की शहरातल्या सर्वसाधारण डॉक्टरांच्या टेबलावर एका कागदाची भर पडते. शाळेच्या सहलीसाठी लागणारे, प्रकृती ठीक असल्याचे प्रमाणपत्र! पूर्वी हे कागद रायगड-प्रतापगडचे, फार तर महाबळेश्वरचे असत. अलीकडे त्यांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. आठवी ते दहावीच्या मुलामुलींना कोकणच्या किनाऱ्यावर नेऊन, ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या खडकांतील जीवसृष्टी दाखविणारी अभ्याससहल. सही घ्यायला आईवडील येतात. प्रश्न घेऊन मात्र बहुधा आजी किंवा आजोबा येतात. रक्तदाब पाहण्याच्या निमित्ताने बसतात आणि दंडावरचा पट्टा सुटता सुटता हळूच विचारतात, “डॉक्टर, पाठवावे का हो तिला?”

वाचकहो, या प्रश्नाला हसून ‘पाठवा की’ असे म्हणणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचेही आहे. आपल्या भीतीला आधार आहे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला गेलेले एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडून गेले. ती बातमी पुण्यातल्या ज्या घरांनी ऐकली त्यांना समुद्र म्हटल्यावर आजही तीच आठवते. पुणेकर मुलाला पाणी ठाऊक असते ते पोहण्याच्या तलावाचे किंवा खडकवासल्याच्या काठावरून पाहिलेले. ज्या पाण्याला दिवसातून दोनदा स्वतःची हालचाल असते, त्याच्याशी त्याचा परिचय नसतो. तेव्हा काळजी योग्यच. परंतु काळजी कशाची करावी, हे एकदा नीट समजून घेतले पाहिजे. माझा अनुभव असा की, घरातली मोठी माणसे ज्या गोष्टींना घाबरतात त्या बहुतेक घडत नाहीत, आणि ज्या घडू शकतात त्यांविषयी कोणी विचारीत नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. समुद्रस्नानाची सहल वेगळी आणि किनाऱ्याच्या अभ्यासाची वेगळी. अभ्यासाच्या सहलीत मुलांनी पाण्यात शिरायचेच नसते. पाणी मागे गेल्यावर जे उरते ते पाहायचे असते. खडकांच्या खळग्यांत अडकलेले घोटाभर पाणी, त्यात पाकळ्या पसरून बसलेले समुद्रफूल, कपारीत अंग चोरून बसलेला खेकडा, खडकाला घट्ट चिकटलेली कालवे, नशीब असेल तर रंग बदलणारा एखादा लहानसा ऑक्टोपस. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम नेमके हेच करतो. गिरगाव, हाजी अली, जुहू अशा गजबजलेल्या किनाऱ्यांवर लोकांना ओहोटीच्या वेळी घेऊन जातो आणि ज्या शहराला आपला समुद्र म्हणजे केवळ भेळ खाण्याची जागा वाटत होती, त्याला त्याच किनाऱ्यावरचे प्रवाळ आणि सागरी गोगलगायी दाखवितो. पुण्याहून जाणाऱ्या मुलांना यासाठी अलिबाग, रेवदंडा किंवा ताम्हिणी घाटाने हरिहरेश्वर गाठावे लागते, एवढाच फरक. पुण्याला समुद्र नसला तरी समुद्राचे अभ्यासक आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आपल्या आकुर्डीतच आहे.

आता मुख्य मुद्दा. अशा सहलीची सुरक्षितता सर्वांत अधिक कशावर अवलंबून असते? बसवर नाही, जेवणावर नाही, शिक्षकांच्या शिट्टीवरही नाही. ती वेळेवर अवलंबून असते. आणि ही वेळ आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली असते.

माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी हे मला शिकविले. त्यांचे माहेर हर्णैकडचे. लग्न होऊन नारायण पेठेत आल्या त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. नातीच्या सहलीचा कागद त्यांनी माझ्यापुढे ठेवला, तारीख वाचली, माझ्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिले आणि म्हणाल्या, “अष्टमी आहे त्या दिवशी. भांगाचे पाणी. पोरांना काय दिसणार, कप्पाळ?” मग त्यांनी मला कोकणातला जुना हिशोब सांगितला. पक्षातली तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या सुमारास, दिवसा आणि रात्री, पूर्ण भरती असते. त्यात सहा तास मिळविले की पूर्ण ओहोटी. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे तीनला भरती आणि नऊला ओहोटी. कुलाबा किल्ल्यात चालत जाणारे लोक आजही याच हिशोबाने निघतात.

शास्त्राच्या दृष्टीने यात काहीही गूढ नाही. भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीने येते आणि चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे; हिशोब जवळजवळ बरोबर येतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, तेव्हा उधाण. पाणी पुष्कळ चढते आणि तितकेच दूर मागेही जाते. अष्टमीच्या आसपास या दोन ओढी एकमेकींना काटकोनात असतात. मग पाणी धड चढतही नाही, धड उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. मुंबईकडे उधाणाच्या काही दिवशी भरती आणि ओहोटी यांच्या पातळीतला फरक चार मीटरांच्या वर जातो. दक्षिणेला मालवणकडे तो बराच कमी असतो.

आता काकूंच्या ‘कप्पाळ’चा अर्थ लागेल. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे अष्टमीला ओहोटी भर दुपारी बाराला, आणि तीही अर्धीमुर्धी. डोक्यावर ऊन आणि पायाखाली पाणी! याउलट पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरच्या द्वितीया-तृतीयेला ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास येते, खडक दूरवर उघडे पडतात आणि ऊन चढण्याच्या आत मुले परत फिरू शकतात. काकूंनी शाळेत फोन केला. त्यांच्या बोलण्याला मान देऊन सहल पुढे ढकलली गेली. शाळेचे कौतुक यासाठी की, ‘आजीबाईंचे पंचांग’ म्हणून त्यांनी ते उडवून लावले नाही.

हा हिशोब ठोकळ आहे, हे मात्र विसरू नये. तासाभराचा फरक सहज पडतो आणि गावागणिक वेळ बदलते. सहल नेणाऱ्यांकडे त्या दिवसाचे आणि त्या ठिकाणाचे भरती-ओहोटीचे अधिकृत वेळापत्रक असलेच पाहिजे. आपण पाऊणपट करून पाहायची ती त्यांची परीक्षा घेण्यासाठी. “ओहोटी किती वाजता आहे आणि मुले खडकांवरून किती वाजता परत फिरणार?” हा एक प्रश्न विचारावा. उत्तर चटकन आले तर ती माणसे जाणती आहेत. ‘बघू, तिथे गेल्यावर’ असे आले, तर सही न केलेली बरी. योग्य पद्धत अशी की, पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी, पाणी मागे जात असताना उतरायचे आणि पाणी पालटले की परतायला लागायचे. भरतीचे पाणी पहिल्या तासात हळूहळू येते, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. तिसऱ्या-चौथ्या तासात ते सर्वांत वेगाने चढते. त्यात पाठीमागचा सखल भाग आधी भरतो आणि पुढच्या उंच खडकावरच्या माणसाला ते कळतच नाही. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. ओहोटीला रमतगमत चालण्याची ती वाट भरतीला लाटांखाली जाते.

दुसरा प्रश्न माणसांचा. किती मुलांमागे एक मोठे माणूस आहे, आणि त्यांत त्या किनाऱ्यावर वाढलेला कोणी स्थानिक आहे का? पुण्याचा जीवशास्त्राचा शिक्षक कितीही विद्वान असो, शेवाळ कुठे निसरडे आणि पाणी कुठून आत शिरते, हे त्या गावच्या कोळ्याला त्याच्याहून अधिक कळते.

आता वळू या आमच्या क्षेत्राकडे, म्हणजे शरीराकडे. ‘काहीतरी चावेल’ ही घरची मोठी भीती असते. प्रत्यक्षात अशा सहलीतून परतलेल्या मुलांच्या ज्या तक्रारी मी पाहतो त्या सर्वांत अधिक कापण्या-खरचटण्याच्या असतात. कालवांच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. शेवाळावरून पाय घसरतो, हात टेकला जातो आणि तळहात चिरतो. म्हणून पायात चप्पल नको, सॅंडल नकोत. जुने, तळाला पकड असलेले, बोटे झाकणारे बूट हवेत. ते भिजणार, खराब होणार. नवे घेऊन देऊ नका. जखम झालीच तर बाटलीतल्या स्वच्छ पाण्याने भरपूर धुवावी, साबण लावावा, आत कवचाचा कण राहिला नाही ना हे पाहावे. हळद, कॉफीची पूड, टूथपेस्ट यांतले काहीही भरू नये. धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हे सहलीपूर्वीच पाहून ठेवावे. दहा आणि सोळा वर्षांची मात्रा पुष्कळ मुलांची राहून गेलेली असते.

त्यानंतर दंश करणारे जीव. पाकट हा चपटा मासा उथळ वाळूत अंग पुरून बसतो आणि त्याच्यावर पाय पडला तर शेपटीवरचा विषारी काटा मारतो. २०१३ च्या गणेशविसर्जनात गिरगाव चौपाटीवर अनेक भक्तांना असेच काटे लागले होते. म्हणून उथळ पाण्यात चालावेच लागले तर पाय उचलून न टाकता वाळूत घाशीत न्यावा. चाहूल लागली की पाकट निघून जातो. काटा लागला तर वेदना भयंकर असते. तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवणे हा उत्तम प्रथमोपचार आहे. उष्णतेने वेदना बरीच उतरते. पाणी किती गरम आहे ते मात्र जखमी पायाने ठरवू नये, दुसऱ्याने हात घालून पाहावे. काटा खोल रुतला असेल, विशेषतः छातीत किंवा पोटात, तर तो उपटू नये. सरळ रुग्णालय गाठावे.

जेलीफिश आणि तिच्यासारखा दिसणारा ब्लू बॉटल हा निळसर फुगा पावसाळ्यात किनाऱ्यावर वाहून येतो. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या किनाऱ्यांवर त्याच्या दंशाच्या बातम्या आल्या होत्या. वाळूत मेलेला पडलेला असला तरी त्याचे तंतू दंश करू शकतात, म्हणून काठीनेसुद्धा खेळू नये. दंश झाला तर तंतू चिमट्याने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे आणि मग गरम पाण्याचा शेक द्यावा. वाळूने चोळणे, गोडे पाणी ओतणे, लिंबू पिळणे आणि, क्षमा करा, लघवी करणे, हे सारे उपाय त्रास वाढविणारे आहेत. व्हिनेगर काही जातींत उपयोगी पडते, काहींत त्याविषयी तज्ज्ञांचे एकमत नाही. जात ओळखता येत नसेल तर त्याच्या नादी न लागणे चांगले. श्वास लागणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे यांपैकी काही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. सहल जिथे जाते तिथून सर्वांत जवळचे, रात्रीही उघडे असणारे रुग्णालय कोणते, हे नेणाऱ्यांना ठाऊक असावे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे, पण सर्वच किनारे अलिबागला लागून नाहीत.

समुद्री सापाची भीती पुष्कळांना वाटते. तो अत्यंत विषारी असतो हे खरे, आणि आपल्याकडे मिळणारी सर्पविषावरची लस जमिनीवरच्या चार सापांच्या विषावर केलेली असते, त्यामुळे ती त्याच्यावर चालत नाही, हेही खरे. परंतु तो गाठ घेतो ती मुख्यतः जाळी ओढणाऱ्या मच्छीमारांची. किनाऱ्यावर पडलेला साप मेलेला दिसला तरी हात लावू नये, इतके मुलांना सांगितले म्हणजे पुरे. त्याहून किनाऱ्यावरची भटकी कुत्री मला अधिक काळजीची वाटतात.

सुंदर नक्षीचा, शंकूच्या आकाराचा जिवंत शंख मात्र मुलांनी मुळीच उचलू नये. कोन-शंख या कुळातल्या काही जाती विषारी दाभण मारतात आणि मोठ्या जातींच्या दंशाने माणूस दगावल्याची नोंद आहे. मुलांना एकच शिकवावे : डोळ्यांनी पाहा, फोटो काढा, हात पाठीमागे ठेवा. दगड उलटून पाहिला तर तो होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालची वस्ती उन्हात मरते. प्रवाळ, समुद्री काकडी, समुद्रघोडा आणि काही शंख यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा नातीने आपल्यासाठी शंख आणला नाही म्हणून रुसू नये.

इथे थोडे विषयांतर करतो. आपण रक्ताची तपासणी करता तेव्हा अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा असतो आणि तो वाढला की मी ‘कुठेतरी जंतुसंसर्ग दिसतो’ म्हणतो. या पेशी जंतूंशी लढतात हे ज्ञान आम्हांला समुद्रकिनाऱ्यानेच दिले. १८८२ च्या अखेरीस इल्या मेचनिकॉफ हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिलीतल्या मेसिना गावी समुद्राकाठी राहत होता. तारामाशाची पिले काचेसारखी पारदर्शक असतात. त्याने बागेतल्या झाडाचा एक काटा एका पिलाच्या अंगात टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती पेशींचा वेढा पडला होता. शरीर आपल्या शत्रूला गिळते, ही कल्पना तिथून आली आणि १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे हाच मनुष्य म्हातारपणाच्या अभ्यासाकडे वळला. वृद्धत्वशास्त्राला आज जगभर जे नाव आहे ते त्यानेच १९०३ साली दिले, आणि दह्यातल्या जंतूंनी आयुष्य वाढते असा त्याचा आग्रह होता. आपल्या ताटातल्या दह्याच्या वाटीला असा एक समुद्री पूर्वज आहे. वर सांगितलेल्या कोन-शंखाच्या विषापासून बनविलेले, कशालाही न जुमानणाऱ्या वेदनेवरचे औषधही २००४ साली अमेरिकेत मान्य झाले. ते पाठीच्या कण्यातून द्यावे लागते. चौदा वर्षांचे मूल खळग्यात वाकून पाहते तेव्हा आपल्याला वाटते की ते खेळते आहे. ते जे पाहते त्यातूनच उद्याचे औषध निघते, असे मी म्हणणार नाही. पण आजची काही औषधे तशा वाकून पाहण्यातूनच निघाली आहेत, हे मात्र सत्य आहे.

आता एक नाजूक प्रकरण. ज्या मुलांना एखादा आजार आहे, त्यांचे काय? अशी मुले सहलींतून सर्वांत आधी वगळली जातात, आणि वगळणारे हात प्रेमाचे असतात. माझ्या माहितीतल्या एका मुलीला सातव्या वर्षापासून पहिल्या प्रकारचा मधुमेह आहे. आईवडील दोघेही नोकरीला. तिची इन्शुलिनची इंजेक्शने, तिचे डबे, रात्रीची तपासणी हे सारे आजीने सांभाळले. वर्ग हरिहरेश्वरला निघाला तेव्हा आजी म्हणाल्या, “ती नको. मी नसेन तिथे.” मुलगी काही बोलली नाही. न बोलण्याचीही तिला तोवर सवय झाली होती, आणि मला तेच अधिक खटकले.

आम्ही तिघांनी बसून एक पानभर पत्र लिहिले. चालण्याने साखर उतरते, म्हणून खडकांवर उतरण्यापूर्वी तपासणी करावी. खिशात ग्लुकोजची पूड आणि बिस्किटे असावीत. घाम, थरथर, चिडचिड दिसली तर आधी साखर द्यावी, मग विचारावे. इन्शुलिन उन्हात उभ्या बसमध्ये ठेवू नये. दिवसभराच्या श्रमानंतर खरा धोका रात्रीचा, झोपेत साखर उतरण्याचा. म्हणून झोपण्यापूर्वी तपासणी आणि काही खाणे चुकवू नये, आणि शेजारी झोपणाऱ्या मैत्रिणीला हे ठाऊक असावे. एका शिक्षिकेने जबाबदारी घेतली. मुलगी गेली. रात्री दहाला फोन आला. साखरेचा आकडा सांगून झाल्यावर ती पाऊण तास ऑक्टोपसवर बोलत होती, असे आजींनी मला पुढच्या खेपेला सांगितले. त्यांचा स्वर तक्रारीचा होता, चेहरा नव्हता.

दमा असलेल्या मुलाचा इन्हेलर त्याच्याच खिशात हवा, बसमधल्या पिशवीत नव्हे. अपस्माराचा त्रास असेल तर औषधाची एकही मात्रा चुकता कामा नये, जागरण नको, आणि पाण्याजवळ एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे. आणि मुलींच्या आजींना एक विनंती. पाळी चालू आहे, एवढ्या कारणाने नातीला घरी ठेवू नका. घोटाभर पाण्यात उभे राहिल्याने काहीही बिघडत नाही. तिथे स्वच्छतागृहाची सोय काय आहे, हे शाळेला विचारा. तो प्रश्न अधिक उपयोगी आहे.

घाटाच्या वळणांवर पोर ओकते म्हणून आपल्या डब्यातली उलटीची गोळी तिच्या पिशवीत टाकणारे आजोबा मी पाहिले आहेत. ते करू नये. मोठ्यांना मळमळीसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी किशोरवयीन मुलांची मान आणि डोळे एकाएकी वाकडे होतात; घरच्यांना ते फिट आल्यासारखे वाटते आणि गोंधळ उडतो. शिवाय त्या गोळ्यांचा बस लागण्यावर उपयोगही नसतो. पुढची जागा, खिडकीबाहेर दूर पाहणे, थोडे कोरडे खाणे आणि फोन बंद, एवढ्याने बहुतेकांचे भागते. नाही भागले तर वजन आणि वय पाहून डॉक्टरांकडून गोळी घ्यावी.

पुष्कळ वाचक विचारतील, आम्हीही गेलो तर? जावे; पण खडकांवर नव्हे. शेवाळावरून पाय घसरला तर चौदा वर्षांच्या मुलाचे ढोपर फुटते आणि पंच्याहत्तराव्या वर्षी खुब्याचे हाड मोडते. मधुमेहींनी तर किनाऱ्यावर अनवाणी चालूच नये; ज्या पायाला काटा कळत नाही त्या पायाला तापलेली वाळूही कळत नाही. दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे पुण्याच्या कोरड्या उन्हाची सवय असलेल्या शरीराला तिथे लवकर थकवा येतो. मुलांना मीठ-साखर-पाणी मुक्त हस्ताने द्यावे. आपल्याला हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर किती प्यावे हे आधी विचारून घ्यावे, कारण त्यातले मीठ आपल्याला मानवेलच असे नाही.

आजी-आजोबांनी नातवंडांसह जायचेच असेल तर माझी पसंती रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. पूर्वी जी अंडी चोरीला जात, त्यांतून आज पिले निघून समुद्रात जातात. अंडी घातल्यापासून सुमारे पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिले वर येतात. साधारण फेब्रुवारी अखेरीपासून सकाळ-संध्याकाळ ती सोडली जातात, उन्हाच्या वेळी नाही. दोरीच्या अलीकडे वाळूत उभे राहायचे, एवढेच श्रम. राहण्याची सोय गावातल्या घरांतून होते. स्वच्छतागृह कसे आहे आणि खाट मिळेल का, हे आधी फोनवर विचारून घ्यावे. पिले त्या दिवशी निघतीलच असे नसते, हेही मुलांना आधी सांगून ठेवावे.

ज्यांना प्रवास झेपत नाही त्यांनी सहलीच्या आधीच्या रविवारी नातवंडाला गणेश पेठेतल्या मासळी बाजारात न्यावे, किंवा घरच्या कोणाला न्यायला सांगावे. आपण शाकाहारी असलात तरी हरकत नाही, विकत काही घ्यायचे नाही. माकुल म्हणजे काय, पाकट कसा चपटा असतो, मुशीच्या कातडीवर हात उलटा फिरविला तर ती कशी खरखरते, हे तिथली मावशी कोणत्याही पुस्तकाहून चांगले दाखविते. फक्त गर्दीची वेळ टाळावी. गिऱ्हाईक खोळंबले की ती आपल्यालाही दोन शब्द सुनावते.

मूल परतल्यावरही दोन दिवस थोडे लक्ष ठेवायचे आहे. रात्री बूट काढून झाले की तळपाय आणि तळहात उजेडात पाहावेत. खरचटलेली जागा दुसऱ्या दिवशी कोरडी दिसत असेल तर चिंता नाही. ती सुजली, लाली वर चढू लागली, फोड आले, ताप भरला किंवा जखमेच्या मानाने दुखणे फारच वाढले, तर सोमवारची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. समुद्राच्या पाण्यात काही वेगळे जंतू असतात आणि त्यांना नेहमीची औषधे पुरत नाहीत; म्हणून ‘पडला’ एवढेच न सांगता ‘समुद्राच्या खडकावर पडला’ असे स्पष्ट सांगावे. मुलाच्या पिशवीतले ओले, खारट कपडे आणि कालवांचे तुकडे अडकलेले बूट धुण्याचे काम बहुधा आपल्याकडेच येते. आपल्याला मधुमेह किंवा यकृताचा विकार असेल, हाताला चीर असेल, तर हातमोजे घालून ते करावे. हेच जंतू अशा माणसांत मुलांहून कितीतरी अधिक वेगाने पसरतात. बूट दोनदा गोड्या पाण्यातून काढून गच्चीत वाळत टाकावेत. वास जायला तीन दिवस लागतात.